टोंकच्या प्रकल्पातलं पाणी नितळ, मग ओहोळाला वास का? आणि तिसऱ्या खाव्यात का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पणजीत सांत इनेजला राहता. टोंकच्या सांडपाणी प्रकल्पातून शुद्ध केलेलं पाणी तुमच्या घरामागच्या ओहोळात सुटतं आणि पुढे मांडवीला मिळतं. एकदा प्रकल्पाजवळ उभं राहून पाहिलंत तेव्हा ते पाणी नितळ होतं, पण ओहोळाला मात्र वास येतो, मधूनच फेस दिसतो. तुमचे वडील याच ओहोळात शेवटे मासे पकडायचे. म्हणून तुम्ही विचारताय, की हा प्रकल्प नदी खरंच राखतो, की शहराची घाण नुसती एका जागेवरून दुसरीकडे नेऊन टाकतो? आणि मांडवीच्या मुखाशी मिळणाऱ्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मुलांना खायला द्यायच्या की नाही?

मी सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी शिकले आणि गेली बावीस वर्षं सांडपाणी प्रकल्प चालवण्याचंच काम करते आहे, त्यातली बरीचशी गोव्यात. टोंकला मी कधी नोकरी केलेली नाही, त्यामुळे तिथल्या आजच्या कारभारावर मी शेरा मारणार नाही. पण तिथली पद्धत, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने पाणी शुद्ध करणारी एसबीआर, माझ्या रोजच्या हाताखालची आहे. तुम्ही जे पाहताय तसंच मी म्हापशापासून मडगावापर्यंत अनेक ओहोळांच्या काठी उभी राहून पाहिलंय.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळी पाणी एकत्र झाली आहेत. एक, प्रकल्पातून बाहेर पडणारं. दुसरं, ओहोळात वाहणारं. ही दोन एकच आहेत असं आपण धरून चालतो, आणि तिथेच घोटाळा होतो. प्रकल्प फक्त त्याच्यापर्यंत पोचलेलं पाणी शुद्ध करतो. ओहोळ मात्र वाटेतलं सगळं पोटात घेतो. आधी पहिल्या पाण्याबद्दल सांगते, कारण प्रकल्प नेमकं काय वाचवतो हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

नदीला मैला नुसता घाण करत नाही, तो तिचा श्वास कोंडतो. सांडपाण्यातलं अन्न, साबण, विष्ठा हे सगळं पाण्यातल्या जिवाणूंना खाद्य आहे. ते खाताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. किती वापरतील याचं माप म्हणजे बीओडी. आपल्याकडे ते २७ अंशांवर तीन दिवस नमुना ठेवून काढतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो.

आता एक साधा हिशोब करू. टोंकच्या एसबीआर प्रकल्पाची मूळ क्षमता १२.५ एमएलडी, म्हणजे दिवसाला सव्वा कोटी लिटर. बीओडी २५० धरला तर एवढ्या पाण्याला रोज सुमारे ३१०० किलो प्राणवायू लागतो. उन्हाळ्यात खाडीच्या कोमट, खारट पाण्यात लिटरला जेमतेम ६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. माशांना श्वास घ्यायला त्यातला ४ तरी शिल्लक राहायला हवा. म्हणजे खर्चायला उरतो लिटरमागे २ मिलिग्रॅम. या दराने ३१०० किलोची भूक भागवायला रोज दीडशे कोटी लिटरांहून जास्त पाणी लागेल. आणि तेच पाणी बीओडी १० पर्यंत उतरवून सोडलं, तर सव्वासहा कोटी लिटर पुरतं. प्रकल्पाचं पहिलं काम हेच आहे. मैला कुठल्या ना कुठल्या जिवाणूंनी खायचाच असतो. तो त्यांनी नदीत नदीचा प्राणवायू ओढून खायचा, की टाकीत आपण विजेवर फुंकलेल्या हवेवर खायचा, एवढाच प्रश्न आहे. टाकीत खाल्ला तर तिथेच संपतो. म्हणून 'नुसती जागा बदलते' या तुमच्या शंकेला माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. नीट चाललेल्या प्रकल्पात घाणीचा मोठा भाग खरोखर नाहीसा होतो, थोडा हवेत वायू होऊन जातो, आणि उरलेला गाळ म्हणून हातात येतो. गाळाकडे नंतर येते.

एसबीआरमध्ये हे सगळं एकाच टाकीत आळीपाळीने होतं. आधी जाळ्यांनी प्लास्टिक, चिंध्या अडवायच्या, मग वाळू काढायची. पुढे टाकीत पाणी भरताना तळाच्या डिफ्युझरमधून हवा सोडायची. तपकिरी, मातकट दिसणारा तो जिवाणूंचा गाळ पाण्यात घुसळत राहतो आणि खात राहतो. मग हवा बंद करायची, गाळ खाली बसू द्यायचा, आणि वरचं नितळ पाणी डिकँटरने हळूच ओतून काढायचं. तीन-चार तासांचं एक चक्र, आणि शेजारच्या टाक्या एकामागून एक तशाच चालू. तुम्ही पाहिलेला नितळपणा या शेवटच्या पायरीचा आहे. गाळ चांगला बसला, एवढंच तो सांगतो. पाण्यात विरघळलेलं काय आहे, ते तो सांगत नाही.

माझ्या मते गोव्यातल्या खाड्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट अमोनिया आहे. लघवीतला नत्र अमोनियाच्या रूपात येतो, कच्च्या सांडपाण्यात लिटरला साधारण ३० मिलिग्रॅम. त्याचं नायट्रेट करायला दर मिलिग्रॅमला साडेचार मिलिग्रॅमहून जास्त प्राणवायू लागतो. म्हणजे वरच्या हिशोबात आणखी १७०० किलो मिळवायचे, आणि तीन दिवसांच्या बीओडी चाचणीत हा भार बहुतेक दिसतच नाही. शिवाय अमोनिया माशांना सरळ विषारी आहे. किती, ते पाण्याच्या पीएचवर, म्हणजे ते किती आम्ल की अल्कधर्मी यावर, ठरतं. ३० अंश तापमानात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की तोच वाटा सात टक्क्यांच्या आसपास जातो. आता बघा, प्रकल्पातून पाणी सुटतं पीएच ७ ला, आणि भरतीला समुद्राचं पाणी येतं ८ च्या वर. ही दोन जिथे मिसळतात तिथेच शेवटे फिरत असतात. गोड्या नदीत जो अमोनिया खपून जाईल, तो खाडीत मासे मारू शकतो.

अमोनिया खाणारे जिवाणू फार नाजूक आणि संथ असतात. बाकीचे जिवाणू तासाभरात दुप्पट होतात, यांना दिवस लागतो, कधी जास्त. मला हे पुस्तकातून नाही, एका डिसेंबरमुळे कळलं. मी एका प्रकल्पावर शिफ्ट सांभाळत होते. तिथे सेप्टिक टाक्यांचे टँकरही रिकामे होत. ख्रिसमसच्या आधी एका रात्री आलेल्या टँकरमध्ये सेप्टिकचा मैला नव्हताच. सकाळी टाकीजवळ फिनाइल आणि ॲसिडसारखा उग्र वास होता आणि नोंदवहीत टँकरच्या नावापुढे नुसती सही. बाहेर पडणारं पाणी मात्र आरशासारखं. बीओडी ९ चा १२ झाला, म्हणजे कागदावर सगळं उत्तम. तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला पाग (जाळं) टाकणारे एक काका फाटकाशी आले आणि म्हणाले, "बाय, शेवटे तोंड वर काढून श्वास घेतायत, जरा येऊन बघ." मी बाटली घेऊन गेले. अमोनिया एरवी २ च्या खाली असायचा, तो २४ होता. आमच्या प्रयोगशाळेत तो आठवड्यातून एकदाच मोजत असत, आणि पुढची पाळी चार दिवसांनी होती.

दुसऱ्या प्रकल्पातून चांगला गाळ टँकरने आणून आम्ही टाकीत मिसळला, हवेचा वेळ वाढवला, गाळ काढणं थांबवलं. तरी अमोनिया जागेवर यायला एकोणीस दिवस लागले. त्या काकांना सांगायला माझ्याकडे काहीही नव्हतं. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या प्रत्येक प्रकल्पात अमोनिया रोज मोजला जातो, आणि टँकर रिकामा करण्याआधी बादलीभर नमुना काढून, वास आणि पीएच पाहूनच झडप उघडली जाते. बीओडीचा आकडा कळायला तीन दिवस लागतात, अमोनियाचा अर्ध्या तासात कळतो. नदीला वाचवायचं असेल तर अर्ध्या तासाचा आकडा हवा.

इथे गोव्याची अशी एक खास अडचण आहे. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, खर्ची पडते, दर मिलिग्रॅमला सात मिलिग्रॅमहून जास्त. जांभ्या दगडाच्या आपल्या मुलखातलं पाणी मुळात मृदू, क्षारता कमी. पावसाळ्यात ती आणखी पातळ होते. मग पीएच घसरतो आणि ते संथ जिवाणू काम सोडतात. उपाय असा, की चक्रात हवा बंद असलेला काळ नीट ठेवायचा. त्या वेळी दुसरे जिवाणू नायट्रेटचा नत्रवायू करून हवेत सोडतात आणि गेलेली निम्मी क्षारता परत मिळते. शिवाय नत्र खाडीत गेला नाही की शेवाळही माजत नाही. काही चालक हा काळ 'हवा नाही म्हणजे काम नाही' असं समजून कापून टाकतात. तसं कुणी करताना दिसलं की मला राहवत नाही, मी भांडते.

आता जंतू, म्हणजे तुमच्या तिसऱ्यांचा प्रश्न. कच्च्या मैल्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू दहा लाखांपासून दहा कोटींपर्यंत असतात. वर सांगितलेली जैविक प्रक्रिया त्यातले ९९ टक्केही काढू शकते. ऐकायला छान वाटतं, पण एक कोटीतले ९९ टक्के गेले तरी एक लाख उरतात. म्हणून शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरण लागतातच. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत ही मर्यादा १००० होती आणि बीओडीची ३०, महानगरांसाठी २०. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बीओडी १० आणि कोलिफॉर्म जास्तीत जास्त २३० असा कडक आदेश दिला. आपल्यासारख्या उथळ खाड्यांच्या राज्याला हा कडकपणा हवाच, असं माझं ठाम मत आहे.

आणि पुन्हा तोच अमोनिया आडवा येतो. पाण्यात अमोनिया उरला असेल तर क्लोरीन त्याच्याशी जुळून क्लोरामाइन होतं. ते जंतूंना, त्यातही विषाणूंना, फार हळू मारतं, माशांना मात्र बाधतं. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्र संपवायलाच आठ-दहा मिलिग्रॅम क्लोरीन लागतं. आमच्याकडे त्या डिसेंबरात २४ होता. एवढं क्लोरीन कुणी घालू शकत नाही, आणि घातलं तर ओहोळ मेलाच. म्हणजे अमोनिया बिघडला की प्राणवायू गेला, मासे गेले आणि जंतुनाशनही गेलं. प्रकल्पाची प्रकृती एकाच आकड्यावरून सांगा असं मला कुणी म्हटलं, तर मी तोच विचारेन.

तिसऱ्या, शिनाणे, कालवं ही मंडळी पाणी गाळून जगतात. एक कालव तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून फिरवतं. पाण्यात विरळ असलेले जंतू त्यांच्या पोटात दाट होतात. त्यामुळे ओहोळातल्या, ओहोळ जिथे मांडवीला मिळतो तिथल्या आणि कुठल्याही गटाराच्या तोंडाजवळच्या तिसऱ्या मी माझ्या घरी आणत नाही. उघड्या, वाहत्या भागातल्या ओळखीच्या माणसाकडून घेते, स्वच्छ मिठाच्या पाण्यात ठेवते आणि नीट शिजवते. पाण्यात ठेवल्याने वाळू जाते, जंतू सगळे जात नाहीत, हे लक्षात ठेवा. शिंप उघडली म्हणजे तिसरी शिजली असंही नाही. कावीळ करणारा हिपॅटायटिस ए चा विषाणू मरायला आतल्या मांसाला ९० अंशांपर्यंत दीड मिनिट तरी उष्णता मिळायला हवी. शिंपा उघडल्यावर आणखी चार-पाच मिनिटं रटरटू द्या. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा यकृताचा आजार असलेलं कुणी असेल तर अर्धवट वाफवलेल्या तिसऱ्या नकोतच. शिजवण्याने जंतू मरतात, शिसं किंवा इतर जड धातू जात नाहीत, म्हणून जागा निवडणं पहिलं.

इथवरचं एकदा गोळा करून घेऊ. प्रकल्प नदीचा प्राणवायू वाचवतो, अमोनिया आणि नत्र अडवतो, आणि शेवटी जंतू मारतो. नितळपणा यातल्या कशाचीच खात्री देत नाही. औषधांचे अंश, सूक्ष्म प्लास्टिक वगैरेंसाठी हे प्रकल्प बांधलेलेच नाहीत, त्यांची अपेक्षा धरू नका.

आता दुसरं पाणी, तुमच्या घरामागचं.

आधी वास. समुद्राच्या पाण्यात लिटरला पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असतं. चिखलात प्राणवायू संपला की तिथले जिवाणू हे सल्फेट वापरतात आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. खारफुटीच्या निरोगी चिखलालाही ओहोटीला हा वास थोडा असतोच. चोडणला फेरीतून उतरून पक्षी अभयारण्याकडे चालत गेलात तर जाणवेल. पण त्याच चिखलावर रोज मैला येऊन पडला तर वास कितीतरी पटींनी वाढतो, कारण एकीकडून खाद्य आणि दुसरीकडून सल्फेट, दोन्ही मुबलक. म्हणून खाऱ्या ओहोळातला थोडा मैलाही गोड्या नाल्यातल्या बऱ्याच मैल्यापेक्षा जास्त घाणेरडा वाटतो. फेस पांढरा, हलका आणि लगेच विरणारा असेल तर बहुधा कपड्यांच्या साबणाचा. तपकिरी, चिकट, तासन्‌तास टिकणारा असेल तर तो प्रकल्पाच्या टाकीतला असू शकतो, आणि मग तिथे कळवायला हवं.

मग हा मैला येतो कुठून? माझ्या अनुभवात तीन वाटांनी. काही इमारती भूमिगत गटाराला जोडलेल्याच नसतात. सेप्टिक टाकी भरली की तिचं पाणी रात्री हळूच पावसाच्या गटारात सोडलं जातं. जोडणी सक्तीची करणारा कायदा गोव्यात २००८ पासून आहे, पण रस्त्यातली वाहिनी आणि घरातला संडास यांच्यामधले ते शेवटचे दहा मीटर अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं तसेच राहतात. कुणाला अंगण फोडायचं नसतं, कुणाचा जागेचा वाद असतो. दुसरी वाट पंपिंग स्टेशनची. सपाट, समुद्रसपाटीला लागून असलेल्या शहरात मैला उताराने प्रकल्पापर्यंत जात नाही, टप्प्याटप्प्याने उपसून न्यावा लागतो. वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही किंवा पंपात साडीचा तुकडा अडकला, की विहिरीत साठलेला कच्चा मैला जवळच्या नाल्यात ओसंडतो. प्रकल्प कितीही उत्तम असो, तिकडे तो पोचलेलाच नसतो. तिसरी वाट हॉटेलांच्या तेलाची. तेल अडवणारा ग्रीस ट्रॅप वेळेवर साफ केला नाही तर तेल वाहिनीत थिजतं, वाहिनी तुंबते आणि चेंबर रस्त्यावर उलटतं.

पावसाळ्यात हे सगळं एकदम होतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. अंगणात पाणी साचलं की लोक सरळ चेंबरचं झाकण उचलून पाणी आत सोडतात, छपराच्या पन्हळी गटाराला जोडतात. प्रकल्पात येणारं पाणी दुप्पट-तिप्पट होतं, टाकीत गाळ बसायला वेळ मिळत नाही आणि तो पाण्याबरोबर बाहेर जातो. तुमच्या सोसायटीत हे होत असेल तर कृपा करून थांबवा. जूनमधल्या एका रात्रीत वाहून गेलेले जिवाणू परत वाढवायला आम्हाला महिना लागतो.

आता एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे, ती म्हणजे ऋतू आणि भरती-ओहोटी. जुलैत मांडवी घाटावरचं पाणी घेऊन दुथडी वाहते, तेव्हा थोडं कमी शुद्ध पाणीही ती पचवते. एप्रिल-मे मध्ये वरून गोडं पाणी जवळपास येतच नाही, खारं पाणी आत चढतं, आणि ओहोळातलं पाणी भरतीला मागे ढकललं जातं, ओहोटीला पुढे येतं, पुन्हा मागे जातं. तेच पाणी तुमच्या घरामागून दोन-तीनदा फिरू शकतं. म्हणून 'वर्षाची सरासरी' हा आकडा मला आवडत नाही. मेमधल्या ओहोटीचा आकडा द्या, म्हणजे बोलू. एसबीआरमधून पाणी सलग नाही, हप्त्या-हप्त्याने सुटतं. पुढे साठवणीला तळं असेल तर ते ओहोटी सुरू होतानाच सोडता येतं. मी एका ठिकाणी एवढाच बदल केला होता आणि वरच्या अंगाच्या लोकांची वासाची तक्रार निम्म्यावर आली.

साळ नदीचं उदाहरण यासाठीच सांगावंसं वाटतं. मांडवीमागे घाटाचं पाणी आणि रुंद मुख आहे. साळ वेर्ण्याकडून येते, लहान आहे, मडगावाच्या अंगाने जाऊन बेतूलला समुद्राला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांत गोव्यातले ११, आणि साळीचा खारेबांद ते मोबोर हा पट्टा त्यांतला एक. शिरवड्याला प्रकल्प आहे, तो अनेक वर्षं चालू आहे, तरी ही अवस्था. एवढ्या छोट्या नदीला प्रकल्पाबाहेरून येणारा मैला झेपत नाही.

गाळाबद्दल सांगायचं राहिलं होतं. दर किलो बीओडी काढताना अर्धा किलो किंवा त्याहून जास्त कोरडा गाळ तयार होतो. टोंकच्या वरच्या हिशोबात रोज दीड-दोन टन, आणि पाणी पिळूनही तो ओला असतो, म्हणून ट्रकमध्ये भरताना आठ-दहा टन भरतो. हा गाळ रोज निघालाच पाहिजे. नाही निघाला तर टाकीत साचतो आणि पहिल्या मोठ्या पावसात ओहोळात जातो. म्हणून मी कुठल्याही प्रकल्पाची तपासणी करायला गेले की प्रयोगशाळेचा अहवाल शेवटी बघते. आधी हवा फुंकणाऱ्या ब्लोअरचं वीज मीटर आणि गाळाच्या ट्रकांची नोंदवही मागते. विजेचे युनिट निम्मे झाले, ट्रक महिनाभर गेला नाही आणि बीओडी मात्र रोज १० च लिहिलेला आहे, असं होऊ शकत नाही. हवा न देता मैला कुणी खात नाही आणि खाल्ला तर गाळ होतोच.

तुम्ही स्वतः काय करू शकता? मे महिन्यात, पाऊस नसताना, ओहोळाच्या दोन्ही काठांनी चाला. पावसाची गटारं तेव्हा कोरडी असायला हवीत. जे वाहताना दिसेल त्याचा फोटो काढा, जागा लिहून ठेवा. तुमच्या वासाचं उत्तर मला तिथेच सापडेल असं वाटतं. मग एखादी पहाट निवडा, ओहोटी सुरू होऊन दोन-तीन तास झालेली. पहाट अशासाठी, की रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरतं आणि ओहोळाची सगळ्यात वाईट वेळ तीच असते. पाणी जिथे सुटतं तिथे, त्याच्या वर शंभर मीटरवर आणि खाली शंभर मीटरवर, अशा तीन ठिकाणी विरघळलेला प्राणवायू आणि अमोनिया मोजा. मत्स्यशेतीवाले वापरतात ती किट चालते. हातमोजे घाला, पाण्यात उतरू नका. वरच्या अंगालाच प्राणवायू २ च्या खाली असेल तर दोष प्रकल्पाचा नाही, तुमच्या वरच्या गटारांचा आहे, आणि फोटो घेऊन महापालिकेकडे जायचं. वर ठीक आणि खाली बिघडलेलं असेल तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा, आणि माहिती अधिकारात चारच गोष्टी मागा: अमोनियाचे आकडे, विष्ठाजन्य कोलिफॉर्म, ब्लोअरचे मासिक वीज युनिट आणि गाळाच्या ट्रकांची नोंद.

आकडे मिळाले की इथेच लिहा, तारीख आणि ओहोटीची वेळ घालून. मी ते वाचून कुठे बोट ठेवायचं ते सांगेन. आणि वडिलांना विचारून एवढं कळवा, की ते शेवटे ओहोळाच्या कुठल्या भागात पकडायचे. पहिला नमुना तिथला घ्या.